पनवेलकाकांचं राहतं घर

पनवेलकाका स्वतःच्या घरात बेल वाजवून यायचे. किल्ली आत राहणाऱ्यांकडे असायची आणि आत राहणारे दुपारचे आडवे झालेले असायचे, म्हणून एकदा वाजवून ते जिन्यात गुपचूप उभे राहत. दुसऱ्यांदा वाजवणं त्यांना बरं दिसत नसे. एकदा तर कुणाच्या तरी मेहुण्याने, आदल्याच दिवशी आलेल्या, दार जरासं उघडून त्यांना विचारलं, "काय काम आहे?" काका म्हणाले, "काही विशेष नाही, मी इथेच राहतो." वर त्याची झोपमोड झाली म्हणून त्याला चहा करून दिला.

त्यांचं खरं नाव आमच्या नात्यात दोघा-तिघांनाच ठाऊक असेल. पनवेलला राहतात म्हणून पनवेलकाका. एसटी स्टँडपासून पाच मिनिटांवर दोन खोल्यांचं घर, लग्न केलेलं नाही, स्वभाव गरीब. इतक्या सोयी एकाच माणसात असल्यावर नातेवाईक त्याला सोडतात होय? कोकणात जाणारा एक रात्र टेकायचा, कोकणातून येणारा दोन. गाडी पळस्प्याला आली की फोन, "काका, पोचतोच, चहा टाका." विमानतळ झाल्यापासून तर विचारूच नका. सकाळच्या विमानाने जाणारे चार दिवस आधीच येऊन बसू लागले, ऐनवेळी धावपळ नको म्हणून.

दुसऱ्यांना कशाला नावं ठेवू, मीही त्यातलाच. नोकरी लागली तेव्हा खोली मिळेपर्यंत आठ दिवस म्हणून गेलो आणि दीड वर्ष राहिलो. या काळात मी खोली शोधत होतो, असं मी सगळ्यांना सांगत असे. काकांच्या हातचं वालाचं बिरडं ज्याने खाल्लंय तो खोली शोधेल असं वाटत नाही.

सगळ्यांवर कडी केली ती शरदरावांनी. हे काकांचे मावसभाऊ. गुडघ्यावर उपचार करून घ्यायला बायकोसह, म्हणजे मंदावहिनींसह, आले. गुडघा बरा झाला, जिने चढायला लागला, पण घराबाहेर काही पडेना. काकांची खाट त्यांना मिळाली, काका बाहेरच्या खोलीत आले. मग मंदावहिनींचा भाऊ आला आणि काका गॅलरीत गेले. "इथे वारा छान येतो," असं ते मला समजावत. गॅलरीच्या पुढे रस्ताच होता, म्हणून ते तिथे थांबले.

काकांना आयुष्यात एकच गोष्ट करायची होती. त्यांचं आजोळ उरणचं. लहानपणी तिथल्या करंजा बंदरावर तासन्‌तास होड्या बघत बसायचे. स्वतःच्या हातांनी एक शिडाची होडी बांधायची आणि ती खाडीतून बाहेर काढायची, बस. जन्मभर एका कारखान्यात यंत्रांचे नकाशे काढले, आणि फावल्या वेळात होडीचे. करंज्याला एक सुतारही बघून ठेवला होता. निवृत्तीनंतर लगेच सुरुवात करणार होते, त्याला सात वर्षं झाली. दर महिन्याला जायचं ठरायचं आणि दर महिन्याला कुणीतरी पळस्प्याला पोचलेलं असायचं. मला एकदा दोन्ही हात समोर धरून दाखवले. "बघ, अजून थरथरत नाहीत. वडिलांचे सत्तरीला थरथरायला लागले होते. मला तीन वर्षं आहेत."

मी "हो ना" म्हणालो आणि ताटात आणखी बिरडं वाढून घेतलं. त्यांच्या नकाशांची भेंडोळी माळ्यावर होती. मंदावहिनींनी त्यातले चार मांडणीवर डब्यांखाली घातले. एकावर मी कलिंगड कापलं. आत्ता लिहिताना लाज वाटते, तेव्हा कलिंगड गोड लागलं होतं.

सगळ्यांना घालवायचा प्रयत्न काकांनी केलाच नाही असं नाही. एकदा धीर करून जाहीर केलं, की घराला रंग काढायचाय, तेव्हा सगळ्यांची गैरसोय होईल. शरदराव म्हणाले, "मग तर दादा, तुला माणसं लागतीलच." त्यांनी फोन करून आणखी दोघांना बोलावून घेतलं. रंग मंदावहिनींनी पसंत केला, पिस्त्याचा. सामान हलवलं काकांनी.

मग शरदरावांच्या मुलाला नोकरी लागली, म्हणून सत्यनारायण घालायचं ठरलं. नात्यातल्या ग्रुपवर निमंत्रण पडलं. 'आमच्या राहत्या घरी श्री सत्यनारायणाची महापूजा योजिली आहे, तरी सहकुटुंब येण्याचे करावे.' खाली शरदराव आणि मंदावहिनींची नावं. काकांनी फोन डोळ्यांजवळ नेऊन ते दोनदा वाचलं आणि मला हळूच विचारलं, "पत्ता आपलाच आहे ना रे?"

पूजेला जोडपं लागतं. काका एकटे, तेव्हा शरदराव आणि वहिनी पाटावर बसणार हे ओघानेच आलं. गुरुजींनी संकल्पाला नाव-गोत्र विचारलं, शरदरावांनी खणखणीत आवाजात स्वतःचं सांगितलं. काका दाराशी घडीच्या खुर्चीवर, शेजाऱ्यांच्या रांगेत. आरती झाली, वहिनी एकेकाला प्रसाद देत दारापर्यंत आल्या. दिवसभराच्या दगदगीत त्यांचं कुणाच्या तोंडाकडे लक्ष नव्हतं. काकांच्या हातावर शिरा ठेवून त्या म्हणाल्या, "जेवल्याशिवाय जायचं नाही हं."

काका चमकले. क्षणभर त्यांनी घराकडे, पिस्त्याच्या भिंतींकडे पाहिलं. मग इतकं प्रसन्न हसले, की मला वाटलं शिरा फारच आवडला. "नको, निघतो मी," ते म्हणाले. "उजेड आहे तोवर पोचायचंय." देवाला नमस्कार केला, गॅलरीतून हत्यारांची पिशवी घेतली, माळ्यावरचे उरलेले नकाशे काखेत मारले, यजमानांचा रीतसर निरोप घेतला आणि गेले. शरदरावांनी त्यांना जिन्यापर्यंत पोचवलं.

काका घरात नाहीत हे ध्यानात यायला तीन दिवस लागले. दुःख मात्र गॅस संपला तेव्हा झालं. सिलिंडर कोण आणणार यावर दोन दिवस चर्चा झाली, पाणी कोण भरणार यावर वहिनींचं आणि त्यांच्या भावाचं वाजलं. तिसऱ्या आठवड्यात शरदराव "इथे आता पूर्वीसारखं राहिलं नाही" म्हणत निघाले. शेवटी मी उरलो. मला चार दिवसांत खोली मिळाली.

किल्ली द्यायला म्हणून काही महिन्यांनी करंज्याला गेलो. सुकत घातलेल्या मासळीपलीकडे एक सुतार रंधा मारत होता. मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाला, "पावनं काय? काका नाय हायेत. कदी येतील सांगता येत नाय." त्याच्या मागे होडीखालून दोन पाय बाहेर आले होते. ते पाय मी ओळखले, तरी सुताराने सांगितलेलंच खरं धरून मी एका दगडावर बसून राहिलो. बऱ्याच वेळाने काका बाहेर आले, कपाळाला डांबर लागलेलं. "तू होय," म्हणाले. चहाचं काही विचारलं नाही. किल्ली घेतली आणि खिळ्यांच्या डब्यात टाकली.

त्याच दिवशी भरतीला होडी पाण्यात लोटायची होती. सुताराची माणसं आली, मीही खांदा लावला. होडी पाण्यावर नीट बसली तेव्हा मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. आत वाकून पाहिलं तर बसायला एकच फळी.

"काका, दुसऱ्याने बसायचं कुठे?"

"नाहीच बसायचं," काका म्हणाले आणि शीड सोडवायला लागले. हात अजिबात थरथरत नव्हते.

दोर माझ्या हातात होता. मला बरंच बोलायचं होतं. माफी मागायची होती, त्यांना एकदा माझ्या खोलीवर जेवायला बोलवायचं होतं. शब्द जुळवत मी उभाच राहिलो. वारा चांगला होता, होडी ओढ घेत होती.

"सोड रे," काका म्हणाले.

दीड वर्ष मी त्यांच्याकडे राहिलो. त्यांनी माझ्याकडे मागितलेली ही पहिलीच गोष्ट, आणि तीही त्यांना दोनदा मागावी लागली.