गळाभेटीची तार

मुंबईला हृदयाचं ऑपरेशन करून दादा घरी आला, तेव्हा आमच्या इतवारीच्या गल्लीत छाती उघडून आलेला तो पहिलाच माणूस होता. माझं हर्नियाचं ऑपरेशन त्याच वर्षी उन्हाळ्यात झालं होतं. मला बघायला एक मावशी आली, तीही भांडी घ्यायला निघाली होती म्हणून. दादाकडे मात्र रीघ. सदऱ्याची बटणं सोडून तो टाके दाखवी आणि छातीचं हाड तारेने बांधलंय हे पुलाचं उद्घाटन केल्यासारखं सांगे.

मग महिन्याभरात दसरा आला. वजन उचलायचं नाही, हात ताणायचे नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. गळाभेट त्यात येते, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. सोनं द्यायला आलेला प्रत्येक जण दादाला जरा जास्तच आवळत होता. मला नुसतं आपट्याचं पान मिळे, तेही दादाकडे बघत.

दोन दिवसांनी तो खोकला आणि छातीत कट् वाजलं.

"ऐकलं का गा? तार बसून राहिली."

"तार बसत नसते, तुटते. डॉक्टरले दाखव."

"तुले काहून घाई? जळून राहिला का?"

जळतच होतो, पण आवाज खरा होता. आठवड्यात जखमेतून पाणी येऊ लागलं. पुन्हा मुंबई. तारांनी हाड कापलं होतं, दोन्ही भाग सुटे झाले होते. जंतू आत उतरले तर हा वाचणार नाही, असं डॉक्टर शांतपणे म्हणाले. छाती पुन्हा उघडून त्यांनी जुन्या तारा काढल्या, हाडाच्या कडा साफ केल्या, नव्या तारा हाडाभोवती आवळल्या. रक्त मी दिलं. देवाने वाचवलं, असं आई सांगते. बाटली कुणाची होती हा तपशील त्यात येत नाही.

पुढच्या दसऱ्यापर्यंत हाड पक्कं जुळलं होतं. तरी आईने दादाला छातीशी उशी देऊन खुर्चीत बसवलं आणि दारातच हुकूम सोडला, "त्याले कोणी शिवू नका. लहान्याले भेटा."

सगळी गल्ली मला भेटली. प्रत्येकाने कडकडून मिठी मारली आणि माझ्या खांद्यावरून दादाची तब्येत विचारली.

दादा उशी आवळून बघत होता. शेवटी म्हणाला, "पुरे झालं गा. हर्निया सुटन तुझा."