ही संध्याकाळी सुरू होते का?

अपडाऊन करणाऱ्या माणसाजवळ दोनच गोष्टी साठत जातात, कंबरदुखी आणि किस्से. कंबरेला मलम चोळता येतं. किस्से मात्र कुणाला तरी सांगून टाकावे लागतात, नाहीतर आतल्या आत कुजतात. माझ्याजवळचे बहुतेक सगळे एकाच गाडीतले आहेत. पांढरी, सेकंडहँड, डिझेल. हसू आलं तर खुशाल हसा, आम्हीही हसायचो. नाहीतर काय करणार होतो?

*

आम्ही चौघं. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका. मोहुर्ले सर त्याच शाळेचे मुख्याध्यापक. बोरकुटे भाऊ ग्रामसेवक. आणि आरोग्य उपकेंद्रातल्या नर्स, आमच्या सिस्टर. घर सगळ्यांचं चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावी, नोकरी वैनगंगेच्या पलीकडे, गडचिरोलीच्या जंगलातल्या एका गावात. नियमाप्रमाणे आम्ही त्या गावातच राहायला हवं. कागदावर राहतोही!

गावात भाड्याने एक खोली मिळत नाही. सिस्टरच्या क्वार्टरचं छप्पर वादळात उडालं, ते अजून परत आलेलं नाही. एकदा तपासणीला साहेब आले. त्यांनी विचारलं, "सिस्टर, तुम्ही मुख्यालयी राहता ना?"

सिस्टर म्हणाल्या, "हो सर. आमचं मुख्यालय त्या झाडाखाली उभं आहे. चार चाकं आहेत त्याला!"

साहेबांनी गाडीकडे पाहिलं, मान डोलावली आणि लसींच्या थर्मासबद्दल विचारायला लागले.

*

मोहुर्ले सरांची गोष्ट मात्र थट्टेची नव्हती.

काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, लकवा झाला होता. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. दिवसभर शेजारची मंगला त्यांच्याजवळ बसायची. पण संध्याकाळचं जेवण काकू सरांच्याच हातून घ्यायच्या. दुसऱ्या कुणी घास पुढे केला की तोंड घट्ट मिटून दाराकडे बघत बसायच्या. सर पोचले नाहीत, तर काकू उपाशी. एवढा साधा हिशेब होता.

सर दरवर्षी बदलीचा अर्ज करायचे. दरवर्षी उत्तर एकच, "विचाराधीन." आपल्याकडे एवढा विचार कोण करतं हे मला खरंच बघायचं आहे!

आधी सर मोटारसायकलने यायचे. मग आमच्या रस्त्यावर वाघाने एका माणसाला नेलं आणि दुपार कलल्यावर तिथून दुचाकी न्यायची कुणाची हिंमत होईना. एसटी तिच्या मर्जीने यायची. तेव्हा बोरकुटे भाऊंनी जाहीर केलं, "आपन चौघं मिळून एक जुनी डिझेल गाडी घेऊ. एव्हरेज चांगला देते. अन् सर रोज दिवाबत्तीच्या आत घरी!"

*

गाडी बघायला वरोऱ्याला गेलो. एजंट गोड होता. "लेडी डॉक्टरची गाडी आहे. दवाखाना ते घर, घर ते दवाखाना. बाकी कुठं फिरलीच नाही!"

बोरकुटे भाऊंनी चारही टायरला लाथ मारून पाहिली. त्यांना गाडीतलं तेवढंच कळतं, हे नंतर कळलं. सिस्टरनी मागची सीट बघितली आणि म्हणाल्या, "डॉक्टरीणबाई तंबाखू खात होत्या वाटते." सीटखाली सुपारीचा चुरा होता.

सरांनी बोनेटवर हात ठेवला. गरम होतं.

"आत्ताच चालवून आनली काय हो?"

"नाही सर, उन्हात उभी आहे ना."

गाडी टिनाच्या शेडखाली उभी होती. त्या दिवशी आभाळही आलेलं होतं. आम्ही चौघांनी वर पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं आणि किमतीची बोलणी सुरू केली. गरज माणसाला आंधळं करते असं म्हणू नका, आम्हाला सगळं स्वच्छ दिसत होतं!

सरांनी शेवटी एकच विचारलं, "ही संध्याकाळी सुरू होते का?"

एजंट मनापासून हसला. "सर, जी सकाळी सुरू होते ती संध्याकाळी कशी नाही होणार?"

पहिल्याच आठवड्यात आम्हाला कळलं, कशी नाही होणार ते.

*

सकाळी मूलमध्ये गल्लीतली पोरं धक्का मारून द्यायची. पण दिवसभर झाडाखाली उभी राहून थंड झाली की गाडी रुसायची. सेल्फ मारला की नुसती खाकरायची. मग गावकऱ्यांनी धक्का मारायचा. रोज धक्का मारून लोकही कंटाळले. म्हणून बोरकुटे भाऊंनी शक्कल काढली, गाडी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, उभी करायची. संध्याकाळी ब्रेक सोडला की ती उतारावरून आपसूक गडगडणार, भाऊ सेकंड गिअरमध्ये टाकून क्लच सोडणार आणि इंजिन सुरू!

पाळीखाली मासे धरणाऱ्या ढिवरांची जाळी वाळत असायची. आमच्यासाठी त्यांनी जाळ्यांची जागा बदलली, मधून गाडीपुरती वाट सोडली. आम्ही निघालो की पाळीवरची सगळी मंडळी हातातलं काम सोडून बघत बसायची. एक म्हातारे भाऊ रोज ओरडायचे, "झाली काय? झाली काय?" इंजिन धडधडलं की तेच म्हणायचे, "झाली बाप्पा! मास्तरची बाई जेवते आता!"

साऱ्या गावाला माहीत होतं. फक्त बदल्या करणाऱ्यांना माहीत नव्हतं.

*

आणि एक दिवस तेच मघाचे साहेब पुन्हा आले. त्यांनी आपली सरकारी गाडी पाळीवर, नेमकी आमच्या गाडीच्या पुढ्यात लावली. उतार बंद!

शाळा सुटली. साहेबांनी आम्हा सगळ्यांना ग्रामपंचायतीत बसवलं आणि विषय घेतला, कर्मचाऱ्यांनी मुख्यालयी राहण्याचं महत्त्व. सर घड्याळ बघत होते. शेवटी उठून उभे राहिले.

"साहेब, तुमची गाडी जरा मागं घ्याल काय? आमची उतारावरच सुरू होते."

"पाच मिनिटं, मोहुर्ले. एवढी घाई का असते तुम्हाला घरी जायची?"

सरांनी सांगितलं. काकूंचं, जेवणाचं, सगळं. हात जोडले नव्हते, पण आवाज जोडल्यासारखाच होता. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुमचं उदाहरण फार चांगलं आहे. यावरूनच दिसतं, कुटुंब मुख्यालयी असलं की असे प्रश्न येत नाहीत."

आणि त्या मुद्द्यावर ते पुन्हा बराच वेळ बोलले! त्यांची गाडी हलली तेव्हा ढिवर जाळी गुंडाळून घरी गेले होते. काकू त्या दिवशी दाराकडे बघत तशाच झोपून गेल्या. मला आजही ते साहेब आठवले की हातातली वस्तू आपटावीशी वाटते.

*

गाडीचा खरा इतिहास आम्हाला जंगलाने सांगितला.

रस्त्यात सरपणाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन बाया भेटायच्या. आमची गाडी दिसली की धडाधड मोळ्या टाकून झाडीत पळायच्या. बोरकुटे भाऊ म्हणायचे, "आपल्याले वाघ समजतात काय?"

एकदा सिस्टर उतरल्या आणि त्यांच्यामागे पळत ओरडल्या, "थांबा वो बाई! भिऊ नका! मी नर्स हाओ, नर्स!"

हे ऐकून उरलेल्या दोघीसुद्धा पळाल्या!

एक गोंड आजी तेवढ्या थांबल्या, पळण्याचं वय नव्हतं म्हणून. त्यांनी गाडीच्या दारावरून हात फिरवला. रंगाखाली एक जुना पोचा होता, तो बोटाने चाचपला. म्हणाल्या, "हेच गाडी होती. हेच्यात बसून लोक येत, मोळ्या टाकून घेत, कुऱ्हाडी नेत. कोन होते मालूम नाई. गाडी तेच हाय, मानसं बदलले."

लेडी डॉक्टर! दवाखाना ते घर!

मग सरांनी आजींची मोळी उचलून त्यांच्या डोक्यावर ठेवून दिली. गाडी बंद न करता, अर्थात. बंद केली असती तर ती मोळी आम्हालाच पेटवून रात्र काढावी लागली असती.

*

वाघाचा किस्सा सगळ्यांना हवा असतो, म्हणून सांगते. पुण्या-मुंबईची माणसं जिप्सीत बसून दिवस दिवस डोळे फाडून बघतात आणि मोराचे फोटो घेऊन परत जातात. आम्हाला तो रस्त्याच्या मधोमध भेटला. नुसता भेटला नाही, बसला! पंजा चाटत बसला.

बोरकुटे भाऊंनी गिअर न्यूट्रलला घेतला. इंजिन बंद पडू नये म्हणून ते ॲक्सिलरेटर दाबून धरत होते. सिस्टर कुठल्या कुठल्या देवांची नावं घेत होत्या. मी डोळे मिटून घेतले होते. अंधार पडायला आला आणि वाघ जागचा हलेना.

आणि सरांनी, कधी शाळेत एका पोरावर आवाज न चढवलेल्या आमच्या मोहुर्ले सरांनी, खिडकीची काच खाली केली आणि ओरडले, "अरे सरक ना बे! घरी बाई उपाशी हाय माझी!"

वाघ उठला. आमच्याकडे न बघता झाडीत निघून गेला.

बोरकुटे भाऊ पहिला गिअर टाकत म्हणाले, "साहेबापेक्षा बरा निंगाला!"

*

मूलमध्ये शिरलो की आधी मोहुर्ले सर, मग बाकीचे. रस्त्यात माझं आणि बोरकुटे भाऊंचं घर आधी लागतं. आम्ही एकाच गल्लीत राहतो. तरी गाडी तिथे थांबायची नाही. बोरकुटे भाऊंना ताप होता त्या दिवशीही नाही, सिस्टरच्या घरी पाहुणे येऊन बसले होते त्या दिवशीही नाही. सर दार उघडायचे, "येतो" म्हणायचे आणि चपला आपटत गल्लीत शिरायचे. आम्ही त्यांच्या घरातला दिवा बघून गाडी वळवायचो.

काकू गेल्या तो रविवार होता. सर घरीच होते, सकाळी चहा पाजत होते. यात गाडीचा काही दोष नाही, हे मुद्दाम सांगते, कारण बोरकुटे भाऊ अजूनही तिच्याकडे खुनशी नजरेने बघतात.

तेरवी झाली. मधल्या दिवसांत भाऊंनी गाडीला नवीन बॅटरी टाकली, थंड इंजिन तापवणारे हीटर बदलले. इतके दिवस का नाही केलं, हे त्यांना कुणी विचारलं नाही. ते स्वतःच स्वतःला विचारत होते.

सर कामावर आले. मुलांना पाढे म्हणायला लावले, खिचडीची चव घेतली. शाळा सुटली. भाऊंनी किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली! उतार नको, धक्का नको. पाळीवरच्या म्हाताऱ्या भाऊंनी तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं. रस्त्यात वाघ नाही, बैलगाडी नाही, साहेब नाही. वैनगंगेच्या पुलावर आलो तर सूर्य चांगला वर होता. मला त्या गाडीची इतकी चीड आली की दारावर लाथ मारावीशी वाटली. आता? आता धावतेस?

मूल आलं. राइस मिल मागे पडली. भाऊंनी सवयीने सरांच्या घराकडे गाडी वळवली.

सर म्हणाले, "भाऊ, आज मले शेवटी सोडा."

भाऊंनी गाडी परत फिरवली. सिस्टरना सोडलं. त्या उतरल्या आणि बराच वेळ दार लावायचं विसरल्या. मग गाडी आमच्या गल्लीत आली. मी उतरले. भाऊ स्टिअरिंग धरून बसले होते. त्यांच्या बायकोने आतून हाक मारली, जेवण तयार होतं.

भाऊ मागे वळून म्हणाले, "चाला सर, तुमाले सोडून येतो."

"नाई, नाई. तुमी जेवून घ्या, भाऊ." सरांनी पिशवी मांडीवर नीट ठेवली. "मी बसतो इथीच. थोडा अंधार पडू द्या."