मुन्सिफचा बाप

केरकेना बेटावरचा मुन्सिफ समुद्रात मातीची मडकी सोडून त्यांत शिरलेले ऑक्टोपस धरायचा. पन्नाशीतही वल्ही मारण्यात तो कुणाला हार जात नसे. त्या हिवाळ्यात नवरा-बायकोला एकदमच फ्लू झाला. बायको साल्हा चौथ्या दिवशी उठून मडकी ओढायला गेली. मुन्सिफला मात्र न्यूमोनिया झाला आणि बोटीने पलीकडच्या शहरात, स्फॅक्सला, इस्पितळात न्यावं लागलं.

दहाव्या दिवशी श्वास मोकळा झाला, तरी त्याची मान खालीच. "बायको कामाला लागली नि मी अंथरुणात," तो डॉक्टरीणबाईंना म्हणाला. "माझा बापही असाच तापात गेला. आई त्याच तापातून उठली. गाव म्हणालं, गड्यानं धीर सोडला."

"धीराचा काय संबंध?" बाई म्हणाल्या. "रोगाशी लढणारी बरीच जनुकं एक्स गुणसूत्रावर असतात. बायकांकडे ती गुणसूत्रं दोन, पुरुषांकडे एकच. शिवाय बायकांची संप्रेरकं त्या लढाईला जोर देतात, पुरुषांची ती जरा मंदावतात. म्हणून तोच ताप पुरुषांना जास्त जड जातो. प्रत्येकाचं असंच होतं असं नाही, पण पुष्कळदा होतं."

मुन्सिफनं डोळे पुसले.

"म्हणजे बाप घाबरट नव्हता माझा."

"मामंजी कसले घाबरट?" त्याला भेटायला आलेली साल्हा सुपाचा वाडगा पुढे करत म्हणाली. "बोला कमी नि सूप प्या. निवतंय ते."

त्यानं वाडगा रिकामा केला आणि आणखी मागितलं. घरी परतताना बोटीत जो ओळखीचा भेटला, त्याला आधी बापाचं सांगितलं, मग स्वतःच्या तब्येतीचं.