पार्टिशनपलीकडच्या बाई

आमच्या पेठेतल्या शाळेत एका लांबलचक हॉलचे दोन वर्ग केलेले होते. मधे माणसाच्या डोक्याइतकं उंच लाकडी पार्टिशन, वर सगळं मोकळं. अलीकडे मी नववीला इतिहास शिकवायची, पलीकडे गणिताच्या बाई दहावीला. दोघींकडेही साठ-साठ पोरं. मी रंगात आले की पलीकडची पोरं गणित सोडून माझंच ऐकत बसायची. "अहो, तुमच्या पानिपतात माझी प्रमेयं धारातीर्थी पडतात!" बाई म्हणायच्या.

शेवटी आम्ही करार केला. एक दिवस त्यांनी बोलायचं आणि माझ्या वर्गानं मूकवाचन करायचं. दुसऱ्या दिवशी मी बोलायचं, त्यांच्या पोरांनी उदाहरणं सोडवायची. मधल्या सुट्टीत बाईंच्या डब्यातलं थालीपीठ खाता खाता उद्याची पाळी ठरायची. काय मजेचे दिवस होते हो ते!

एका वर्षी दिवाळीनंतर बाईंचा घसा बसला, तो सुटेचना. डॉक्टरांनी बजावलं, आवाज चढवलात तर कायमचा जाईल. रजा घ्यावी तर बदली शिक्षक नाही, आणि बोर्डाची परीक्षा तोंडावर.

"पोरांना मधेच कसं सोडू?" त्या कुजबुजल्या. डोळे भरून आले होते.

"मग रोज तुम्हीच बोला," मी म्हटलं. "हळू बोला. माझा वर्ग मी गप्प ठेवते."

आणि ठेवला! नकाशे भरून घेतले, धडे उतरवून घेतले, फळा लिहून लिहून बोटं पांढरी केली. कुणी शिंकलं तरी सगळा वर्ग त्याच्याकडे डोळे वटारून बघायचा. त्या नववीला उरलेला इतिहास धड मिळाला नाही, हे कबूल. पण पलीकडून बाईंचा मऊ आवाज यायचा आणि त्या वयात मलासुद्धा भूमिती कळायला लागली.

परीक्षा पार पडली. आम्ही दोघींनी अर्ज दिला: मधे पक्की भिंत घाला, नाहीतर बाईंचा आवाज पुढचं वर्ष काढणार नाही. मुख्याध्यापकांनी तो शिक्षकसभेत वाचला आणि चष्मा काढला.

"अहो बाई, यंदा तर त्या हॉलमधून चकार शब्द बाहेर आला नाही. भिंतीवाचून काही अडत नाही, हे आपण दोघींनीच दाखवून दिलंत. अभिनंदन!"

टाळ्या पडल्या. बाई उठल्या. त्यांनी तोंड उघडलं, पण घशातून नुसती हवा आली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

माझा घसा ठणठणीत होता. तरी मी कौतुक ऐकत बसून राहिले. त्याची मला आजही लाज वाटते.

जूनमध्ये बाईंनी नोकरी सोडली आणि दहावीला खणखणीत आवाजाचे एक नवे सर आले.