पानी कमी हाय, थांबू नको

पस्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी चहा टाकायला उठते, इतका मला त्यांचा कंटाळा. त्यामुळे हे इथे लिहिताना मलाच कसंतरी होतंय... पण लिहिते.

मी नवीन पनवेलला राहते. गेल्या वर्षी माझी लेक अनुजा बाळंतपणासाठी माहेरी आली होती. सगळं छान चाललं होतं आणि सदतिसाव्या आठवड्यात बीपी चढलं, पायांवर सूज आली. सोनोग्राफीत बाळाभोवतीचं पाणी कमी निघालं. डॉक्टर म्हणाल्या, "सिझेरियनची तयारी ठेवा. आणि हालचाल कमी वाटली तर तडक या." झालं! सिझर म्हटल्याबरोबर विहीणबाईंनी गुरुजींकडून मुहूर्त काढला — सोमवार, सकाळी दहा चाळीस. मी मनातल्या मनात हसले, पण वाद नको म्हणून गप्प बसले. बॅग भरली, रक्तदाते सांगून ठेवले, फाईल दाराजवळ ठेवली. नजर लागेल म्हणून (हेही विहीणबाईंचंच) बाहेर कुणाला काही सांगितलं नव्हतं.

शनिवारी दुपारी साडेबाराला बेल वाजली. दारात हिराबाई, मोरा बंदराहून मासे घेऊन येणाऱ्या आमच्या नेहमीच्या कोळीणबाई. शनिवारी आमच्याकडे मासे शिजत नाहीत, त्यामुळे त्या दिवशी त्या कधीच येत नाहीत. डोक्यावर पाटीही नव्हती.

"बाई, पानी कमी हाय. थांबू नको," एवढंच म्हणाल्या आणि जिना उतरून गेल्यासुद्धा.

आता नवीन पनवेलमध्ये 'पाणी कमी' ऐकल्यावर माणूस काय करेल? मी धावत जाऊन बादल्या लावल्या! पिंप भरलं, कळशी भरली, कुकरसुद्धा सोडला नाही. नळाला तर धो धो पाणी. मी वैतागलेच — मग ही बाई सांगून काय गेली?

तेवढ्यात अनुजा पलंगावरून हळूच म्हणाली, "आई, बादल्या राहू दे गं... बाळ सकाळपासून नीट हललं नाहीये. मला वाटलं, झोपलं असेल."

नळ तसाच सोडून मी दाराजवळची फाईल उचलली. रिक्षाने दहा मिनिटांत हॉस्पिटल गाठलं. बाळाचे ठोके मधूनमधून मंदावत होते. तासाभरात सिझर झालं. नात! अशी रडली की तिच्याबरोबर मीही रडले. "आजचा दिवस गेला असता तर..." डॉक्टर म्हणाल्या.

पंधरा दिवसांनी हिराबाई आल्या, तेव्हा हातावर पेढा ठेवून विचारलं. त्या हसायलाच लागल्या.

"अगो बाई, मी बाजारात आलते, तं उद्याचं सांगून गेले! खाडीला पानी कमी हाय, बोटी नाय जानार, मावऱ्यासाठी माजी वाट बघत थांबू नको."

हुश्श! एवढं साधं होतं तर. मला फार बरं वाटलं. मग सहज भिंतीवरचं कॅलेंडर चाळलं... त्या शनिवारी पौर्णिमा होती. आपल्या किनाऱ्यावर पौर्णिमेला आणि दुसऱ्या दिवशीही भरदुपारी उधाणाची भरती असते, खाडी काठोकाठ भरलेली. हे हिराबाईंना सांगितलं तेव्हा त्यांचा पेढा हातातच राहिला.

"पुनवेला दुपारचं पानी कमी?" त्या स्वतःशीच बोलल्या. "मंग मी असं कसं बोलले गो?"



एक गोष्ट मात्र घरात कुणालाच माहीत नाही. आदल्या दिवशी, शुक्रवारी, डॉक्टरांचा फोन मीच घेतला होता. "उद्याच करून टाकायचं की सोमवारी? अजून तरी दोन्ही चालेल," त्यांनी विचारलं. विहीणबाई दुखावतील म्हणून मी — विज्ञानाच्या बाईंनी — सोमवार सांगितला.

नात आता धरून धरून उभी राहते. माझ्याकडे बघून हसली की मला आधी तो फोन आठवतो.