अकरा अर्ज

"सवलतीवर शिकून आलेल्यांच्या हातात काम दिलं की असंच होतंय," दादा वसतिगृहाच्या सचिवांना म्हणाले. मी समोरच उभी होते. ते दोघं खुर्चीत. मला कुणी बस म्हणलं न्हाई.

लातुरात दादांचं सॉफ्टवेअरचं ऑफिस. मी भोकरची, नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या कॉलेजात इंजिनिअर झालेली. चार वर्षं त्यांच्याकडं होते. त्यांनी मला बहीण मानलेलं. दर वर्षी मी राखी बांधायची.

मुलींच्या वसतिगृहाची प्रवेशाची वेबसाइट मी लिहिली. तिच्यातून अकरा अर्ज गायब झाले. गुणपत्रिका, दाखले, सगळं त्यांच्यासोबत गेलं. आडनावं मी ओळखली. आमच्याच वस्त्यांतल्या पोरी. ठपका माझ्यावर. मला बी वाटलं, चुकलंच असेल आपलं. ही सवय शाळेपासूनची.

जागेवर येऊन मी नोंदी उघडल्या. कुणी काय डिलीट केलं, हे वेबसाइट आपोआप लिहून ठेवायची. डिलीट करणं आणि त्याची नोंद, दोन्ही मी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये बांधलेलं. झालं तर दोन्ही होणार, न्हाईतर काहीच न्हाई. नोंद न ठेवता तिथून अर्ज काढताच येत नव्हता. दादांना हे ठाऊक नव्हतं.

अकरा ओळी होत्या. मी जेवायला गेले होते त्या वेळेच्या. अकराही दादांच्या लॉगिनच्या.

तरी त्यांनाच दाखवायला गेले. वाटलं, म्हणतील पासवर्ड चोरीला गेला. त्यांनी सरळ सांगितलं, सचिवांच्या ओळखीतल्या मुलींना जागा पाहिजे होत्या. मग हळू आवाजात म्हणाले, "बहीण हायस ना माझी? त्या ओळी बी काढून टाक."

"न्हाई काढणार."

चार वर्षांत पहिल्यांदा त्यांना न्हाई म्हणले.

आदल्या दिवसाच्या बॅकअपमधून अर्ज परत घातले. ते बी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये. अकराच्या अकरा आले. नोंदींची प्रत अकराही पोरींना पाठवली. दादा म्हणाले, उपकार विसरलीस. दुपारी ऑफिसची चावी माझ्याकडून काढून घेतली.

सात पोरींना जागा मिळाली. चौघी अजून बाहेर हायेत. त्यांच्यासोबत मी समाजकल्याणच्या ऑफिसात खेटे घालतेय.

नांदेडला काम शोधतेय. मुलाखतीत विचारतात, आधीची नोकरी का गेली. मी काय झालं ते सांगते, दादांच्या नावासकट. समोरचा फाइल मिटतो. मिटू दे. पुढच्या ठिकाणी बी हेच सांगणार.