भावानं आबांना अडवलं तेव्हा

आम्ही मेंढरं राखणारी माणसं. कोवळी ज्वारी खाऊन विष चढलं आणि मेंढरू आडवं झालं, की आबा, म्हणजे माझे वडील, लगबगीनं गूळपाणी करतात आणि बांबूच्या नळकांड्यानं त्याच्या घशात ओततात. पाटोद्याच्या बाजूला या कामात आपल्यासारखा दुसरा नाही, असं ते स्वतःच सांगत फिरतात.

त्या दुपारी गोठ्यामागं लिंबाखाली माझ्या सोळा वर्षांच्या भावाचा मित्र बेशुद्ध पडलेला दिसला. चेहरा पांढराफटक, घशात घरघर. भाऊ शेजारीच भिंतीला टेकून झुलत होता. "पोरांनी रानातलं काय तरी खाल्लंय," म्हणत आबांनी नळकांडं आणलं. आमच्या आबांनीच करावी अशी चूक! मीही पातेल्यात गूळ कालवला, खोटं कशाला बोलू.

आबांनी पोराची हनुवटी वर केली, तोच भावानं त्यांचं मनगट पकडलं.

"आबा, पाजू नका, घशात अडकंल त्याच्या. आमी दारू पिलोय. वरून पंक्चरचं सोल्युशन हुंगलंय. दोघांनी बी. आणलं म्याच."

आबांनी त्याच्या कानाखाली सणसणीत वाजवली. त्यानं मनगट सोडलं नाही. मग मी भानावर आले, पोराला कुशीवर वळवलं आणि शेजाऱ्यांची जीप बोलावली. दवाखान्यात पोराचा चुलता "उन्हानं चक्कर आली" म्हणायला लागला, तेव्हा भावानं डॉक्टरांना पुन्हा सगळं सांगितलं. अर्धं गाव ऐकत होतं. डॉक्टर म्हणाले, त्या अवस्थेत घशात काही ओतलं असतं, तर पोरगा हाती लागला नसता.

तो वाचला. भावाचं व्यसन मात्र एका दिवसात सुटलं नाही. त्याचे रुमाल हुंगून बघायची वेळ माझ्यावर पुढंही आली, भांडणं झाली, बीडला डॉक्टरांकडे खेपा घातल्या. तरी मला त्याचा अभिमान वाटतो आणि तो मी लपवत नाही. मार खाऊन, बदनामी घेऊन खरं बोलणं भल्याभल्यांना जमत नाही.

यंदा मला बघायला पाहुणे आले. त्यांच्यातल्या एकानं विचारलं, "भाऊ म्हंजी त्योच ना, नशा करणारा?" आबा खाली बघायला लागले. हातातला चहाचा ट्रे तसाच धरून मी म्हणाले, "व्हय, त्योच. त्यानं खरं सांगितलं म्हणून एका आईचं लेकरू जित्तं हाय."

पाहुणे चहा न घेता उठले. आबांनी त्यांना थांबवलं नाही. दाराबाहेर उभ्या असलेल्या भावाला त्यांनी हाक मारली, "आत ये. बस हितं."